डावीकडचा दिवा

"डावा," गाडीच्या मागे उभी राहून कनकलता म्हणाली.

उजवीकडचा दिवा लुकलुकू लागला.

"अप्पा, डावा म्हटलं मी."

"डावाच लावलोंय गे!" आतून तुळजाराम ओरडले. "मागं काय पेटतंय तें तूं बघ. वायर तूंच घातलीस."

कनकलताला हायसे वाटले. वायर तिनेच घातली होती, तेव्हा चूक तिची असणे शक्य होते. चूक आपलीच निघावी अशी तिची फार इच्छा होती.

गेल्या रविवारी ही गाडी तिरुवैयारूला जाताना डावीकडे वळली, तेव्हा तिचा उजवा दिवा लुकलुकत होता. मागून येणाऱ्या टाउन बसच्या ड्रायव्हरने तो पाहिला आणि गाडी उजवीकडे वळणार असे समजून बस डाव्या अंगाने पुढे काढली. बस थांबली ती गाडीत डावीकडे बसलेल्या अम्माच्या बाजूच्या दारापासून हातभर अंतरावर. ड्रायव्हर खाली उतरून तमिळमध्ये जे बोलला ते अम्माने घरी आल्यावर सांगितले नाही. बसच्या मागे आपल्या स्कूटरवर असलेल्या शेजारच्या भुवनाने ते सांगितले.

कनकलता मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवत होती. लग्न केले नव्हते. आईवडिलांबरोबर तंजावरच्या त्याच घरात ती पन्नाशीला आली होती, आणि आता गाडीच्या डॅशबोर्डखाली पाठीवर पडून हातातल्या टेस्ट लॅम्पची सुई एकेका जोडावर टेकवत होती.

गाडी लँडमास्टर, तिच्याहून वयाने मोठी. दोन्ही बाजूंच्या दारांमधल्या खांबांत पूर्वी एकेक छोटा हात बसवलेला असे. वळताना तो बाहेर पडायचा आणि त्यात दिवा लागायचा. ते हात कधीच निकामी झाले होते. तुळजारामांनी ते दुरुस्त केले नाहीत, त्यांना गरजच वाटली नाही. देवळे बघायला आलेल्या लोकांना टॅक्सीतून फिरवण्यात त्यांचा जन्म गेला आणि तो सगळा जन्म त्यांचा उजवा कोपर खिडकीबाहेर होता. खुणा हाताने करायच्या. एकही अपघात नाही. मग खांदा आखडला, हात कानापर्यंतही वर जाईना, तेव्हा अम्माने कनकलताला म्हटले, "त्यांच्या गाडीला दिवे लावून दे गे. स्कूटरला असतात तसले."

कनकलताने उन्हाळ्याच्या सुटीत ते काम केले. आधी फसलीच. या जुन्या गाडीत बॅटरीचे धन टोक लोखंडी सांगाड्याला जोडलेले असते, आजच्या गाड्यांच्या उलट. तिने आणलेले एलईडी दिवे पेटलेच नाहीत. ज्या शिक्षिकेने दरवर्षी पोरींकडून डायोडची दिशा घोटून घेतली, तिनेच ती उलटी लावली होती. तुळजाराम पोट धरून हसले होते. "टीचरअम्मा नापास!" मग तिने साधे तारेचे बल्ब घातले, दिव्यांची उघडझाप करणारा डबा बदलला, फ्यूज वेगळा काढला आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर कांडीचा स्विच बसवला. डावीकडे हिरवी-तांबडी वायर, उजवीकडे हिरवी-पांढरी.

आता हिरवी-तांबडी वायर बोटाने धरून ती मागपर्यंत गेली. ती डाव्या दिव्यालाच पोचत होती. तिने स्वतः कांडी हलवली. डावीकडे नेली तर डावा, उजवीकडे नेली तर उजवा.

सांगाड्याशी जोड ढिला असला तर वीज भलत्या वाटेने परत जाते आणि दुसऱ्या बाजूचा दिवा पेटू शकतो. तिने जोडाखालचा रंग खरवडून लोखंड उघडे केले, स्क्रू घट्ट आवळला. मग बॉनेटवर बुक्की मारून पाहिले, दार आपटून पाहिले. गाडी हादरली की चूक बाहेर येईल म्हणून तिने मागचा बंपर धरून गाडी हलवलीसुद्धा. दिवे बरोबर होते. प्रत्येक वेळी बरोबर. उत्तर बरोबर येतेय याची इतकी भीती तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

अम्मा कॉफीचे पेले आणि त्यांच्याखालच्या पसरट वाट्या, डबरे, घेऊन दारात आली. "सांपडलं काय?"

"नाही."

"असेल कुठं तरी. बघ नीट." अम्माने तिच्याकडे न बघता डबरे ओट्यावर ठेवले आणि ती आत गेली.

तुळजाराम ओट्यावर येऊन बसले. कॉफी पेल्यातून डबऱ्यात, डबऱ्यातून पेल्यात उंचावरून ओतू लागले. खांद्यामुळे धार पूर्वीइतकी लांब पडत नव्हती.

"अप्पा, हाताने खूण करायचात तेव्हा डावीकडे वळताना काय करायचात?"

"हें काय विचारणं? असा." त्यांनी पेला ठेवला आणि उजवा हात जेवढा निघेल तेवढा बाहेर काढून मनगटाने हवेत गोल फिरवला. "आणि उजवीकडे वळतांना सरळ लांब काढायचा. डावा हात बाहेर काढायला मी काय डाव्या सीटवर बसलोंय?"

"म्हणजे डावीकडे वळायचं तरी हात उजवाच."

"उजवाच! दोन्हींकडे उजवाच. तुझ्या या कांडीला तें कुठं कळतंय!"

सापडले, असे कनकलताला वाटले. चाळीस वर्षे ज्या माणसाची प्रत्येक खूण उजव्या अंगाने बाहेर पडली, त्याचा हात कांडीही उजवीकडे ढकलणारच. डोक्याचा त्यात दोष नाही. सवय आहे, आणि सवयीवर उपाय असतो.

तिने कांडी काढून टाकली. तिच्या जागी डॅशबोर्डवर, काचेच्या अगदी खाली, आडवा सरकणारा मोठा स्विच बसवला आणि वर एक हिरवा दिवा. ज्या बाजूला जायचे त्या बाजूला सरकवायचा. कुठलाही दिवा लागला की हिरवा दिवाही लुकलुकणार. मागे उभी राहून ती डावा, उजवा, उजवा, डावा असे मनाला येईल तसे ओरडत राहिली. अप्पांनी एकदाही चूक केली नाही.

"आतां काय? बॅक घेऊन दाखवूं की डान्स करून दाखवूं?" ते आतून म्हणाले.

ती हसली.

रविवारी सकाळी तिघेही निघाले. तिरुवैयारूला तुळजारामांची थोरली बहीण ताराबाई एकटी राहत होती. दर रविवारी तिला जेवण न्यायचे हा नेम होता. अम्मा डबा मांडीवर घेऊन पुढे बसली. कनकलता मागे बसली आणि मगच तिला जाणवले की अम्मा पूर्वी कधीच पुढे बसत नसे. पुढची सीट ड्रायव्हरच्या ओळखीच्या माणसाची, घरच्या बायका मागे, असा अम्माचाच जुना हट्ट होता.

"तूं कधीपासून पुढं बसायला लागलीस, अम्मा?"

"मागं गुडघे दुखतात."

गाडी बाजारातून बाहेर पडली. अम्मा बोलू लागली. ती इतकी बोलते हे कनकलताला माहीत नव्हते.

"तें डाव्या हाताला फुलांचं दुकान उघडलंय काय बघूं... हो, उघडलंय बघा."

गाडी डावीकडे वळली.

"आतां सरळ असं बेस ऊन पडलंय. सरळ पुलापर्यंत."

गाडी सरळ गेली.

"उजव्या हाताची ती शाळा, आपल्या कनकाची मैत्रीण होती ना तिथं..."

उजवा दिवा, उजवे वळण. अप्पा मान डोलवत होते, मध्येच "हूं" म्हणत होते. स्विच बरोबर सरकत होता, हिरवा दिवा लुकलुकत होता, वळल्यावर ते तो आठवणीने बंद करत होते. पण आधी अम्माचा आवाज, मग अप्पांचा हात. प्रत्येक वेळी आधी अम्माचा आवाज.

कनकलताने समोरच्या सीटची कड धरली. दोन्ही बाजूंना भाताची हिरवी शेते मागे जात होती, कालव्यांना पाणी सुटलेले होते, मोपेडवाले भर्रकन पुढे निघत होते. या रस्त्यावर अप्पा डोळे मिटून गाडी नेतील, असे घरात सगळे म्हणत असत.

वाटेत ताराबाईंसाठी विडा घ्यायला गाडी थांबली. अप्पा दुकानाकडे गेले. कनकलता पुढे वाकली.

"अम्मा, गेल्या रविवारी तूं काय करत होतीस? बस आली तेव्हा?"

अम्माने डब्याचे झाकण घट्ट दाबले.

"डोळा लागला होता गे," ती म्हणाली. "थोडाच. वाटेवर फार वारा होता."

"कधीपासून सांगतेस त्यांना वळणं?"

"सांगते कुठं? बोलते. बायका गाडींत बोलत नाहींत काय?"

"अम्मा."

"दोघं मिळून एक ड्रायव्हर आहों आम्ही. लायसन्स त्यांचं, तोंड माझं." अम्मा हसली आणि तिने डबा पोटाशी ओढला. "आठवड्याला एकदां. ही एकच वाट. बाकी कुठं नेऊं देत नाहीं मी त्यांना."

"बस तुझ्या दारापाशी थांबली."

"थांबली ना."

"इथून पुढे मी पुढे बसते."

अम्माने मागे हात करून तिचे मनगट पकडले. तिची पकड घट्ट होती. "नोको गे. आज नोको."

"मला बघायचंय."

"बघून काय करशील?"

कनकलताने दार उघडले आणि अम्माला उतरवून मागे बसवले. अप्पा विडा घेऊन आले, पुढे मुलीला पाहून म्हणाले, "काय गे, इन्स्पेक्शन?"

"स्विच बघते."

"बघ, बघ. पास कर एकदांचा."

गाडी निघाली. मागून आवाज येत नव्हता. कनकलताने ओठ मिटून ठेवले होते. तिला वाटत होते, आता चुकले तर मीच गप्प राहिले म्हणून चुकेल. आणि मी बोलले, तर काहीच कळणार नाही. प्रयोगशाळेत ती पोरींना सांगत असे की निरीक्षण करताना हात लावू नका. इथे तिच्या हातापासून स्टिअरिंग वीतभर अंतरावर होते आणि मागच्या सीटवर तिची आई होती.

पूल आला. गाडी पूल चढली, उतरली. आता नाका, आणि डावीकडे नदीकाठचा रस्ता. तुळजारामांनी वेग कमी केला. त्यांचे बोट स्विचवर गेले. स्विच डावीकडे सरकला. टिक, टिक, टिक. कोणी न सांगता, बरोबर बाजूला.

कनकलताने श्वास सोडला.

गाडी थांबली. नाक्याच्या अगदी मधोमध, वळण्याच्या आधीच. पुढून कोणी येत नव्हते. अप्पा डॅशबोर्डवरच्या हिरव्या दिव्याकडे बघत होते. तो पेटत होता, विझत होता.

"कनका," ते म्हणाले. "हा कशाला पेटतोय?"

मागून हॉर्न वाजला. मग दुसरा. लॉरीचा हॉर्न इतका जवळून आला की काच थरथरली. एक मोपेड शिव्या देत आरशाला चाटून गेली.

"अप्पा, वळायचंय. डावीकडे."

"हां, वळायचं." त्यांनी स्टिअरिंग धरले. मग सोडले. आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले. मागून अम्मा आतापर्यंत बोलली असती, पण तिने तोंडावर पदर धरला होता. आरशात कनकलताला लॉरीचे तोंड दिसत होते, भरून राहिलेले. लॉरी हळूहळू पुढे सरकत होती.

"अप्पा!"

तुळजारामांनी हँडब्रेक ओढला. गिअर काढला. ते हात मात्र जराही अडखळले नाहीत. त्यांनी दार उघडले आणि ते खाली उतरले. हॉर्न देणाऱ्या लॉरीवाल्याकडे त्यांनी एकदा पाहिले, आणि का कोण जाणे, तो थांबला. मग त्यांनी मागचे दार उघडले आणि ते आत येऊन अम्माच्या शेजारी बसले. दार हलकेच लावले.

"तूं घे," ते मुलीला म्हणाले.

कनकलता सरकून ड्रायव्हरच्या जागेवर आली. ही गाडी तिने मेकॅनिककडे नेऊन आणण्यापलीकडे चालवली नव्हती. स्टिअरिंगखालचा गिअर तिला मिळेना. घामाने हात निसटत होता.

"घाबरूं नको," मागून अप्पांचा आवाज आला. शांत, जुना आवाज. "हॉर्न देतील, देऊं दे. वर ओढ, मग आपल्याकडे घे. क्लच सावकाश."

गिअर पडला. गाडी एक धक्का खाऊन हलली आणि डावीकडे वळली. लॉरी मागून घोंघावत निघून गेली. झाडांची सावली लागली, गर्दी संपली, रस्ता नदीच्या कडेने पुढे गेला. कनकलताने स्विच मध्यावर आणला. टिकटिक थांबली, तेव्हा आत किती शांत झाले ते कळले. तिला मागे बघवत नव्हते. तरी तिने आरशात पाहिले.

अप्पा गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून बसले होते, भाड्याच्या गाडीत माणसे बसतात तसे. खिडकीतून बाहेर बघत होते. झाडांमधून पाणी चमकत होते, काठोकाठ.

"अगे," ते अम्माला म्हणाले, "ही कुठली नदी?"

अम्माने पदर सावरला. डबा एका मांडीवरून दुसरीवर घेतला.

"कावेरी," ती म्हणाली.

"मोठी आहे," अप्पा म्हणाले, आणि नीट दिसावी म्हणून त्यांनी खिडकीची काच खाली केली.