शांत जागा

मनीच्या घरात बाकी कशाचीही बोंब असो, शांतता मुबलक होती. तेवढी एक गोष्ट कधी कमी पडली नाही.

त्याला कारण तिचा बाप. तो पावाच्या भट्टीवर कामाला. रात्रभर कणीक मळायची, पाव भाजायचे, आणि सगळं गाव उठलं की यानं घरी येऊन आडवं व्हायचं. घर म्हणजे एकच खोली. लेक रांगत होती तेव्हापासून आईनं तिला पढवलं होतं, बाबा झोपलेत, आवाज करायचा नाही. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली, भांडी फडक्यावर उपडी घालायची, शिंक आली तर नाक दाबून धरायचं. पोर इतकी हलक्या पावलांची झाली की शेजारपाजारचे तिला मनी म्हणायला लागले आणि तेच नाव कायम झालं. पुढं आई आजारपणात गेली. तिची शिस्त मात्र घरात जशीच्या तशी राहिली.

मनीला यंत्रांचं भारी वेड. शाळा संपली की तंत्रशाळेत जायचं हे तिचं कधीच ठरलेलं. पण उच्च गणित घेतल्याशिवाय तिथं दारात उभं करत नव्हते, आणि नेमके तेच शिकवणारे सर शाळा सोडून गेले. नवीन कुणी मिळेना. मग शाळेनं सांगितलं, हा विषय ऑनलाइन घ्या, दुसऱ्या शहरातल्या बाई शिकवतील. वर्गशिक्षिकेनं बापाला बोलावून काय काय लागेल ते नीट समजावलं. लॅपटॉप लागेल, इंटरनेट लागेल, माइकवाले हेडफोन लागतील. तास बुडवायचा नाही. घरात विचारपूस करणारं एक मोठं माणूस लागेल. आणि हो, शांत जागा.

शांत जागा म्हटल्यावर बाप खो खो हसला. "बाई, ती आमच्याकडे पोत्यानं आहे. हवी तर तुम्हालाही आणून देतो."

बाकीचंही त्यानं कुठून कुठून जमवलं. भट्टीच्या मालकाच्या मागं लागून लागून त्याचा जुना लॅपटॉप आणला. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी त्यांचं वायफाय वापरू दिलं. "शिकलीस की माझं मशीन तेवढं नीट करून दे," म्हणाल्या. झालं, सगळी तयारी झाली.

तास दुपारचा, शाळा सुटल्यावर. बाप खाटेवर आणि मनी त्याच्याकडं पाठ करून भिंतीशी बसलेली. पहिल्याच दिवशी बापानं कूस बदलली मात्र, मनीनं चटकन हेडफोन काढले. "झोप मोडली का बाबा? चहा टाकू?" आणि तास राहिला बाजूला! बाप स्वतःवरच चिडला. खरं सांगायचं तर बायको गेल्यापासून त्याला दिवसा झोप अशी लागतच नव्हती. पण हे पोरीला कळलं तर ती पुस्तकं सारून त्याचं डोकं चेपत बसणार. तेव्हा त्यानं ठरवूनच टाकलं, तास संपेपर्यंत हलायचं नाही. डोक्यावरून चादर ओढायची आणि मढ्यासारखं पडून राहायचं. मुंगी चावली तरी खाजवायचं नाही. अहो, त्यापेक्षा रात्रभर भट्टीपुढं उभं राहणं परवडलं!

पण चादरीआडून त्याला पेन्सिलीची खरखर ऐकू यायची आणि त्याला फार बरं वाटायचं. लेक शिकतेय, आपण तिच्या आड येत नाही, याचाच त्याला अभिमान. ठरल्याप्रमाणं विचारपूसही तो करायचा.

"बरं चाललंय ना गं?"

"हो बाबा."

पेपरांत मार्क पैकीच्या पैकी. आता आणखी काय विचारणार माणूस?

आणि एक दिवस वर्गशिक्षिकेनं त्याला शाळेत बोलावून घेतलं.

"मनी उच्च गणितात नापास झाली," त्या म्हणाल्या.

बापाला आधी वाटलं, बाईंचा काहीतरी घोटाळा झालाय. "पैकीच्या पैकी मार्क असताना?"

"तेच तर अंगाशी आलं. एवढ्या दिवसांत पोरीनं तासाला एकदाही तोंड उघडलं नाही. काही विचारलं की उत्तर टाइप करून पाठवायची. तिकडच्या बाईंना वाटलं, पेपर दुसरंच कुणीतरी सोडवून देतंय. तोंडी परीक्षेत गणित कसं सोडवलं ते आपल्या तोंडानं सांगायचं असतं. हिचे नुसते ओठ हलत होते. परत संधी दिली, परत तेच. मी पदर पसरला हो त्यांच्यापुढं, पण निकाल लागला. आणि तंत्रशाळेत शाळा संपली त्याच वर्षी घेतात, नंतर नाही."

"पण ती बोलली का नाही?"

बाईंनी मान खाली घातली. "मीही तेच विचारलं. म्हणाली, बाबा झोपले होते."

"मी झोपलो होतो म्हणून?" बापानं विचारलं.

"लहानपणी तिच्या हातून ताट पडलं होतं म्हणे," बाई हळूच म्हणाल्या. "तुमची झोप मोडली, आणि त्याच रात्री भट्टीवर तुमचा हात भाजला. ते तिच्या मनातून गेलेलं नाही."

बापानं हाताकडं पाहिलं. कोपराखाली डाग होता खरा. भट्टीवरच्या माणसाच्या हाताला डाग असायचेच, कुठला कधीचा हे कोण लक्षात ठेवतो? त्याच्या तर ते ताटही लक्षात नव्हतं.

तो घरी आला तेव्हा मनी भांडी फडक्यावर उपडी घालत होती. त्याचा चेहरा पाहून तिला सगळं कळलं.

"मी जागा असायचो गं," तो म्हणाला.

"कधी?"

"रोज. तुझा तास होईपर्यंत. हललो तर तू उठशील, म्हणून गप पडून राहायचो."

मनी त्याच्याकडं बघतच राहिली. "मग मला सांगायचं ना बाबा!"

"तू तरी कुठं सांगितलंस?"

ती खाली बसली आणि रडायला लागली. रडणंही बिनआवाजाचं, नुसते खांदे हलत होते. हे असं रडणं तिला आपल्या घरानं शिकवलं, असं वाटून त्याला स्वतःची लाज वाटली. तो खाटेकडं न जाता तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"ते परीक्षेतलं गणित आठवतंय?"

तिनं मान डोलावली.

"मग सांग मला. मोठ्यानं सांग."

"आता काय उपयोग बाबा?"

"नसू दे. मला ऐकायचंय."

तिनं डोळे पुसले, घसा खाकरला. पहिले शब्द पुटपुटल्यासारखेच आले. "मोठ्यानं," तो म्हणाला. मग आवाज चढला, खोलीभर झाला. एक पायरी, मग पुढची, कुठं अडणं नाही की चाचपडणं नाही. बापाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याला एवढंच कळलं की आपल्या लेकीचा मोकळा आवाज हुबेहूब तिच्या आईसारखा आहे, आणि हे आपल्याला आजपर्यंत माहीत नव्हतं.

शेवटाला येता येता मनी एकदम थांबली आणि दचकून तिनं खाटेकडं पाहिलं. खाट रिकामी होती.

"थांबू नकोस पोरी," बाप म्हणाला. "मी जागाच आहे."