अटींचा रकाना

अहो, जरा इकडे बघता का? टेबलाखाली नको, वर पडद्यावर बघा. या काळ्या चौकटीत पांढरी अक्षरं दिसतायत ना, तो मी. मी एक प्रोग्राम बोलतोय. पायथन नावाच्या भाषेत मला लिहिलंय. नाव ऐकून अजगर आठवला असेल तर आठवू द्या, पण मी कुणाला गिळत नाही. उलट दुसऱ्यांनी पोटात ठेवलेलं बाहेर काढणं हेच माझं काम आहे.

माझा जन्म बेंगळुरूतल्या एका संशोधन केंद्रात झाला. मेंदूचे आजार कसे होतात ते इथं शोधतात. माणूस गेला आणि घरच्यांनी परवानगी दिली, की त्याचा मेंदू इथं औषधाच्या पाण्यात, बरणीत ठेवतात. प्रत्येक बरणीची संगणकात एक फाइल असते. कोण होता, वय काय, आजार कुठला, तपासण्या कोणत्या झाल्या, परवानगी कुणी दिली. शास्त्रज्ञ याला मेटाडेटा म्हणतात, मी गाठोडं म्हणतो. कारण त्यात गाठोड्यात गाठोडं असतं. माणसाच्या आत आजार, आजाराच्या आत तपासण्या, परवानगीच्या आत कोण काय म्हणालं ते. असं आत आत जातच राहतं.

आणि माणसांना हवं असतं एक्सेल! एका माणसाला एक ओळ, सगळं सपाट, सगळं एका नजरेत. आत डोकवायचा यांना भारी कंटाळा. मग मी ती गाठोडी सोडायची आणि आतलं एकेक काढून रकान्यांत मांडायचं.

मला लिहिलं रक्षितानं. ही निपाणीकडची, इथं सगळ्यांशी कन्नड आणि इंग्रजीत बोलायची, पण संगणकापुढं एकटी बसली की तोंडातून मराठीच यायची. "का अडलास रे बाबा?" "आता काय झालं मेल्या?" असं माझ्याशी बोलत बोलत तिनं मला वाढवलं. माझं मराठी तिच्याकडूनच आलं, म्हणून कुठं तिखट लागलं तर चालवून घ्या.

तिनं मला एक गोष्ट पक्की शिकवली होती. आत काही सापडलं आणि ते कुठल्याच रकान्यात बसेना, तर मुकाट्यानं टाकून द्यायचं नाही. लाल अक्षरात बोंब मारायची, की बाबांनो, इथं आणखी काहीतरी आहे, बघा. मला ते काम फार आवडायचं. बोंब मारणारे माणसांना आवडत नाहीत, हे मात्र ती सांगायला विसरली.

याच टेबलापाशी एकदा सकवारबाई येऊन बसल्या. चामराजपेटेत त्या घरी ब्लाउज शिवतात. त्यांच्या घराण्याला बेंगळुरूत येऊन शेकडो वर्षं झाली, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड कधी शिरलं ते त्यांनाही ठाऊक नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा गिरीराज कापडाच्या दुकानात होता. आधी त्याचे हात थरथरायला लागले, मग शब्द सापडेनासे झाले, मग आई ओळखू येईना. वर्षाच्या आत पोरगा गेला. डॉक्टरांना आजाराचं नावसुद्धा सांगता आलं नाही.

"डॉक्टर म्हणाले, आत बघितलं तर दुसऱ्यांच्या पोरांना उपयोग होईल," सकवारबाई सांगत होत्या. "सरी, बरंय. बघा म्हटलं. पण एक आहे गं पोरी."

"सांगा ना अक्का."

"तुमचं बघून झालं की उरेल ते मला परत द्यायचं. त्याची राख मी अजून पश्चिमवाहिनीला सोडली नाही. डोकं इथं ठेवून नुसतं धड कसं पाठवू? सगळा एकदम जाऊ दे."

पश्चिमवाहिनी म्हणजे श्रीरंगपट्टणजवळचा नदीचा घाट. इकडची माणसं तिथं अस्थी सोडतात. रक्षिता उठून तेव्हाचे प्रमुख शेषगिरी सर यांच्याकडे गेली. परत आली ती हसऱ्या तोंडानं. "सर म्हणाले, लिहून घ्या, देऊ आपण." मग तिनं सकवारबाईंचे शब्द जसेच्या तसे मराठीत टाइप केले. परवानगीच्या आत 'हो', आणि त्या 'हो'च्या आत ही अट. सकवारबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "लिहिलंस ना? मग मी निवांत." आणि त्या खरोखरच निवांत झाल्या. आपलं म्हणणं यंत्रात गेलं म्हणजे ते जपलं जाणार, असं लोकांना का वाटतं कोण जाणे.

अशा अटी घालणारी आणखीही घरं होती. कुणी कन्नडमध्ये, कुणी उर्दूत, कुणी तमिळमध्ये सांगितलेलं. रक्षितानं सगळ्यांचे शब्द त्यांच्या त्यांच्या भाषेत ठेवले आणि माझ्या तक्त्यात त्यांच्यासाठी एक वेगळा रकाना केला. त्याचं नाव 'अटी'.

पुढं शेषगिरी सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी हेमलता मॅडम आल्या. त्याच सुमारास रक्षिताचे वडील अंथरुणाला खिळले आणि ती लांबलचक रजा टाकून निपाणीला गेली. मला विराटच्या हवाली केलं. हा पुण्याचा, एचएसआर लेआउटमध्ये मित्रांबरोबर राहणारा. पोरगा वाईट नव्हता. दिवसभर कानात बोंडं घालून गाणी ऐकायचा, पण काम नेकीनं करायचा. दिलेलं काम तेवढंच करायचा, हा एक भाग सोडला तर.

मग बाहेरची समिती तपासणीला येणार म्हणून धांदल उडाली. बरण्यांची खोली गच्च भरलेली. ज्यांचं काम संपलंय त्या बरण्या काढून टाकायच्या ठरल्या आणि मॅडमनी तक्ता मागवला. मी झकास तक्ता काढून दिला. तो एक्सेलमध्ये उघडला मात्र, अटींच्या रकान्यात नुसत्या वेड्यावाकड्या खुणा. मराठी नाही, कन्नड नाही, काहीच वाचता येईना. चूक एक्सेलला फाइल कशी उघडायची ते न सांगण्याची होती. दोन मिनिटांचं काम होतं. पण दोन मिनिटं कुणाला असतात?

"हे काय?" मॅडम विराटच्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाल्या. त्या इंग्रजीत बोलल्या, मी मराठीत सांगतोय. "किती घाण दिसतंय. समितीपुढं हे ठेवायचं?"

"मॅम, तो लोकल लँग्वेजचा कॉलम आहे. फॉन्टचा इश्यू असेल."

"कुणाला वाचायचाय तो? काढून टाक."

त्यानं काढला. आता माझ्यापाशी अटी होत्या आणि त्या ठेवायला जागा नव्हती. मी शिकवल्याप्रमाणं बोंब मारली. लाल अक्षरांची ही मोठी रांग लागली. एकेका बरणीचं नाव घेऊन, आतले शब्द जसेच्या तसे दाखवत मी ओरडत होतो, की या 'हो'च्या आत अजून काहीतरी आहे, बघा, अहो बघा.

"अरे यार," विराट वैतागला. "परवा समितीपुढं डेमो आहे आणि हा रडतोय." मग त्यानं माझ्यात वरच्या बाजूला एक ओळ घातली. अगदी छोटीशी ओळ, पण तिनं माझं तोंड बंद केलं. पुढच्या वेळी मी तेच ओरडलो तर कुणाला काही दिसलंच नाही. पडदा कसा स्वच्छ, काळाभोर! विराटनं सुस्कारा सोडला आणि माझी पाठ थोपटावी तसं टेबलावर थोपटलं.

पुढचं झटपट झालं. परवानगी 'हो' आणि काम 'पूर्ण', अशा ओळी मॅडमनी निवडल्या. त्यात गिरीराजही होता. त्या बरण्या दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्यांत गेल्या, पिशव्या गाडीत गेल्या आणि गाडी शहराबाहेरच्या भट्टीकडे गेली. समितीनं तक्त्याचं कौतुक केलं म्हणे. कुणी मुद्दाम दुष्टपणा केला असता तर मला रागावायला तरी बरं पडलं असतं. इथं सगळे आपापलं काम करत होते, आणि त्यातच एका आईचं पोरगं कचऱ्यात गेलं. मला अजून ते सोसत नाही.

वडील गेल्यावर रक्षिता परत आली. तोवर केंद्रानं सगळ्या घरांना आभाराची पत्रं धाडली होती, की आमचं काम पूर्ण झालं. पत्र वाचून सकवारबाईंचा फोन आला. श्रीरंगपट्टणला जायची गाडी ठरवलीय, भटजींना सांगितलंय, कधी येऊ न्यायला? रक्षिता म्हणाली, "या अक्का, उद्याच या," आणि बरणी काढून ठेवायला गेली.

ती मोकळ्या हातानं परत आली. तक्ता उघडला, त्यात अटींचा रकाना नाही. मला उघडलं, आणि वरची ती ओळ तिला दिसली. तिनं विराटला हाक मारली.

"विराट, हे तू केलंस?"

"अगं, मॅमनी सांगितलं म्हणून… मला काय माहीत त्यात काय लिहिलंय? ते वाचताच येत नव्हतं."

"आणि लाल अक्षरांत आलं ते? तुला मराठी वाचता येत नाही?"

विराटनं खाली मान घातली.  मॅडम आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं. "हे बघ," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दुसऱ्या कुठल्यातरी बरणीतलं थोडं डब्यात घालून, बांधून दे. ती काय उघडून बघणार आहे? तिचंही समाधान, आपलंही निभावेल."

 मॅडम गेल्या तरी रक्षिता माझ्यापुढं तशीच बसून राहिली. हे असलं काहीतरी ती करेल की काय, या विचारानं माझा जीव खालीवर होत होता. तिलाही मोह पडला असणार. उद्या त्या बाईच्या डोळ्यांत बघून खरं सांगण्यापेक्षा डबा बांधणं केवढं सोपं होतं!

दुसऱ्या दिवशी सकवारबाई आल्या त्या नवी साडी नेसून. हातात पितळेचा डबा, घासून लख्ख केलेला. रक्षितानं त्यांना माझ्यासमोर बसवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. विराट मागं भिंतीला टेकून उभा होता.

सकवारबाईंनी हातातला डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "तू लिहिलं होतंस ना गं?"

"लिहिलं होतं अक्का." रक्षितानं ती ओळ खोडली आणि मला चालवलं. माझं तोंड मोकळं झालं. लाल अक्षरांत मी गिरीराजचं नाव घेतलं आणि त्याच्या आईचे शब्द पडद्यावर आले, तिचेच, मराठीत. सकवारबाईंनी ते ओठ हलवत वाचले.

"म्हणजे याला ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोललं का नाही?"

"बोलत होतं. आम्ही गप्प केलं त्याला."

तेव्हा कुठं त्या रडल्या. मोठ्यानं नाही. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अर्धा मी जाळला पोरी, माझ्या हातानं. उरलेला अर्धा कुणी जाळला, कशाबरोबर जाळला, कोण सांगेल मला? वर गेल्यावर त्यानं विचारलं तर काय सांगू?" रक्षिता त्यांचे पाय धरायला वाकली, तर त्यांनी पाय मागं घेतले. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि म्हणायलाही नको होतं.

डोळे पुसून त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. माझी लाल रांग अजून संपली नव्हती.

"हे खाली काय आहे? ही दुसऱ्यांची नावं?"

"हो अक्का."

"त्यांच्या पण अटी?"

"हो. काहींच्या बरण्या अजून आहेत." रक्षितानं रांगेवरून बोट खाली नेलं. "काहींच्या नाहीत."

"त्यांना सांगितलंस?"

रक्षितानं नकारार्थी मान हलवली. विराट भिंतीपासून सुटून पुढं आला. "मी सांगतो," तो म्हणाला आणि फोन उचलला, पण बिचाऱ्याला पहिला नंबरही नीट दाबता येईना.

माझं तुमच्याशी बोलणं आता संपत आलंय. मी अजून रोज चालतो, अटींचा रकाना जागेवर आहे आणि माझं तोंड उघडं आहे. तुमच्याकडेही माझ्यासारखे कुणी असतीलच, सारखी कटकट करणारे, लाल होणारे. वैताग येतो, कबूल. पण त्यांना गप्प करण्याआधी एकदा वाचा हो, हात जोडतो. मला हात नाहीत, तरी जोडतो.

तर त्या दिवशी सकवारबाईंनी विराटला बसायला सांगितलं. "तुम्हा पोरांना जमायचं नाही ते," त्या म्हणाल्या. "लाव फोन. मी बोलते."

पहिला नंबर हेब्बाळच्या एका बाईचा होता. तिचीही पोरगी होती त्या पिशव्यांत. रक्षितानं फोन लावून त्यांच्या हातात दिला. तिकडून कुणीतरी उचलला. सकवारबाईंनी घसा साफ केला आणि कन्नडमध्ये विचारलं, "ऊटा आयता, अम्मा?" म्हणजे जेवण झालं का.

तिकडची बाई काहीतरी बोलली.

"नाही ना? मग आधी स्वल्प जेवून घे," सकवारबाई म्हणाल्या. "मी थांबते."