स्टार दाबला की बंद

"चष्मेवाले, राग मानू नका, पण वयाला शोभेल असं गाणं लावा हो," निवृत्त हेडमास्तर काउंटरवर जुना चष्मा ठेवत म्हणाले. "तुम्हाला फोन लावला आणि बायकोसमोर माझीच पंचाईत झाली."

बाबांनी मान वर केली. "कुठलं गाणं?"

हेडमास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात दोन ओळी म्हणून दाखवल्या. मी मागे फ्रेमचे स्क्रू निवडत बसले होते. हसू लपवायला मला काउंटरखाली वाकावं लागलं.

ते दिवस कॉलर ट्यूनचे होते. फोन लावणाऱ्याला नुसत्या घंटीऐवजी गाणं ऐकू यायचं, पण ज्याच्या फोनवर ते असायचं त्याला स्वतःला ते कधीच ऐकू यायचं नाही. आमच्या प्लंबरच्या फोनवर विरहगीत होतं आणि दातांच्या डॉक्टरांच्या फोनवर अंगाई. कुणाचं गाणं आवडलं तर ते वाजत असतानाच स्टार दाबायचा, की तेच आपल्या फोनवर यायचं. पडसं पसरावं तशी गाणी पसरायची. आता फोन लावला की सगळीकडे सारखीच घंटी वाजते. माणूस उचलेपर्यंत त्याच्याबद्दल काहीही कळत नाही.

बाबांच्या फोनवरचं गाणं फार जुन्या सिनेमातलं होतं. त्यात नायिका सायकलच्या दांडीवर बसून नायकाला डोळा मारते. आणि बाबा असे, की गिऱ्हाइकाशी 'खालची ओळ वाचा' यापलीकडे फारसे बोलायचे नाहीत.

"हे आजच्या आज काढून टाक," ते मला म्हणाले.

"पण तुम्ही लावलंत कसं?"

"मी? मला तो फोन धड लावता येत नाही, गाणं कुठून लावू?"

ते खरं होतं. रबरी बटणांचा तो काळा फोन त्यांनी नुकताच घेतला होता आणि पट्ट्याला अडकवलेल्या कातडी पाकिटात ठेवला होता. मी त्यांना शिकवलं होतं: बोलणं संपलं की समोरचा फोन ठेवतो, मग मेनू आणि स्टार दाबून बटणं लॉक करायची. त्यातला मेनू ते विसरले. स्टार तेवढा डोक्यात पक्का बसला.

घरी आल्यावर मी आईला रंगवून सगळं सांगितलं. ती हसली नाही.

"मी ऐकतेय ते कधीपासून," ती म्हणाली. "म्हटलं, आपणहून सांगतील. हे गाणं तुझ्या काकाचं आहे गं. काच घासताना शिट्टीवर हेच वाजवायचा."

काका बाबांचा धाकटा भाऊ. दोघं एकाच दुकानात, एकाच मशीनवर काम करायचे. एकाने काच फिरत्या दगडाला धरायची, दुसऱ्याने ती फ्रेममध्ये बसवून पाहायची. मग काकाच्या डोक्यात गॉगल शिरले. दर्शनी काचेत नटाचं पोस्टर लावू म्हणाला. बाबा म्हणाले, "आपण डोळ्यांचं काम करतो, नटांचं नाही." काका म्हणाला, "मग बस जन्मभर खालची ओळ वाचायला लावत." त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला गॉगलचं दुकान काढलं. त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता, आणि जेवताना शेजारची खुर्ची मोकळी दिसली की बाबा अजून त्याला जागा करावी तसं ताट थोडं बाजूला सरकवायचे.

मी विचार केला. गाणं फोनवर यायला दोनच गोष्टी लागतात: ते ज्याच्याकडे आहे त्याला फोन लावणं, आणि वाजत असताना स्टार दाबणं.

"आई, बाबा काकाला फोन लावतात. मग धीर सुटतो, म्हणून बंद करायला स्टार दाबतात."

"आणि स्टार दाबला की बंद होतो?"

"नाही ना! फोन चालूच राहतो."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग घरच्या फोनवरचं भरतकामाचं कापड बाजूला केलं. काकाचा नंबर त्याच्या दुकानाच्या पाटीवर अर्ध्या शहराला दिसेल एवढा मोठा होता. तिला तो पाठ होता. मी रिसीव्हरला कान लावला. आधी सायकलची घंटी, मग तेच गाणं. पहिल्या ओळीतच ते तुटलं.

"कोण गेलं?" काका म्हणाला.

"कुणी गेलं नाही. मी फोन केला म्हणजे कुणी मेलंच पाहिजे का, भाऊजी?"

"चार वर्षांनी घरचा नंबर दिसला, वहिनी. मी उभाच राहिलो."

"तुम्हाला मधूनच एखादा मुका फोन येतो का?"

"येतो, दुपारचा. कुणी बोलत नाही. पहिल्या दिवशी शिव्याच घालणार होतो. तेवढ्यात मागून मशीन सुरू झाली. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. आणि मग दादा शिंकला."

"मग हाक नाही मारलीत?"

"मारली आणि त्याने पुन्हा कधी केलाच नाही तर? त्यापेक्षा ऐकत बसतो थोडा वेळ. वहिनी, त्याला दगड बदलायला सांगा. खरखर येतेय. एखाद्या दिवशी काच चिरेल."

"मी नाही सांगणार. मी काय तुमची पोस्टमन आहे? तुमची जीभ शाबूत आहे ना?" आईने फोन ठेवला आणि बराच वेळ त्यावरचं कापड नीट करत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला दांडी मारून दुकानात बसले. डबा खाऊन झाल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. फोन कानाला लावला, थोडं ऐकलं, अंगठ्याने एक बटण दाबलं आणि फोन पाकिटात टाकला. मग हेडमास्तरांची नवी काच घेऊन मशीनवर बसले. हेडमास्तर समोर स्टुलावर वाट पाहत होते.

दगड फिरू लागला. आता माझ्याही कानाला ती खरखर लागली.

"दादा!"

बाबांनी दाराकडे पाहिलं. हेडमास्तरांनी बाबांच्या पोटाकडे पाहिलं.

"दादा! दगड बदल! दगड!"

बाबांनी मशीन बंद केली. दगड थांबायला वेळ लागला. त्यांनी पाकिटातून फोन काढून हातात धरला, आणि त्यांचा अंगठा स्टारवर गेला. त्यांनी तो दाबला असता तरी फोन बंद झाला नसता. पण त्यांना ते कुठे ठाऊक होतं?

अंगठा बाजूला झाला. फोन कानाशी गेला.

"दगड ठीक आहे," बाबा म्हणाले.

"ठीक नाही! मला इथे ऐकू येतंय, तुला तिथे कसं येत नाही?" काका इतका ओरडत होता की दुकानभर ऐकू जात होतं.

"तू गॉगल विक. तुला दगडातलं काय कळतं?"

"तूच शिकवलंस ना!"

बाबांनी दगडाच्या कडेवरून बोट फिरवलं, दोनदा.

"कडेला थोडा झिजलाय."

"थोडा?"

"बरं बाबा, झिजलाय. पण नट गंजलाय. एकाने दगड धरल्याशिवाय निघत नाही."

काका हळू म्हणाला, "पाना कुठे आहे?"

"तू ठेवला होतास तिथेच."

"येतो," काका म्हणाला.

बाबांनी फोन कानापासून दूर केला आणि त्याच्याकडे पाहत राहिले. हा कसा बंद करतात ते त्यांना आठवेना.

"माझा चष्मा आज मिळेल ना?" हेडमास्तरांनी विचारलं.

"बसा," बाबा म्हणाले. "भाऊ येतोय माझा."