परवलीचा शब्द

धाकट्यानं घरासाठी अलार्म निवडायला तीन आठवडे घेतले. मागच्या गल्लीत एक घर फुटलं होतं आणि तेव्हापासून तो वेगवेगळ्या कंपन्यांची पत्रकं उशाशी घेऊन झोपत होता. एका कंपनीचा सायरन नुसताच बोंबलायचा. दुसरी मोबाइलवर निरोप धाडून मोकळी व्हायची. तिसरीचं मात्र त्याला पटलं. सायरन वाजला की तिच्या कंट्रोल रूममधून घरी फोन येतो आणि जिवंत माणूस परवलीचा शब्द विचारतो. शब्द बरोबर आला तर ठीक, नाहीतर दहा मिनिटांत दारात रखवालदारांची गाडी.

ताईला फोनची धास्ती बसली ती तेव्हाच. ताई म्हणजे धाकट्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आईवडिलांचं शेवटपर्यंत केलं आणि त्याच घरात राहिली. लहानपणापासून तिची जीभ अडखळायची. मोठी माणसं समोर आली की शब्द ओठांशी येऊन दार लोटत बसायचे. मुलांसमोर मात्र कधीच नाही. रोज दुपारी पुढच्या खोलीत सहा चिमुरडी अक्षरं शिकायला यायची. त्या दीड तासात ताई झऱ्यासारखी बोलायची. तिला तोतरी म्हणतात हे त्या मुलांच्या गावीही नव्हतं.

अलार्मवाला दिवसभर शिडीवर होता. त्यानं दारा-खिडक्यांना चुंबकाच्या पट्ट्या लावल्या, पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात हालचाल टिपणारा डोळा बसवला, दाराशी आकड्यांची पाटी ठोकली. संध्याकाळी फॉर्म काढून तो म्हणाला, "आता परवलीचा शब्द सांगा. घरातल्या सगळ्यांना ठाऊक, बाहेरच्याला सुचणार नाही, असा."

धाकट्याचे डोळे चमकले. "पपई!"

भावजयीनं पदर तोंडाला लावला. "अहो, काय हे! वन्सं, रागावू नका हं, गंमत करतात."

"अहो, ऐका तर," धाकटा अलार्मवाल्याला रंगवून सांगू लागला, "ही नऊ वर्षांची होती. आईनं पपई आणायला पाठवली. फळवाल्यासमोर प-प-प-प करत उभी! तो बिचारा आधी पेरू देतोय, मग पपनस देतोय. शेवटी ही रडत रिकाम्या हातानं घरी!"

अलार्मवालाही हसला. ताई म्हणाली, "दु... दुसरा श... शब्द..."

"तू आधी चहा टाक बघू," धाकटा म्हणाला. "आणि एक सांगून ठेवतो, ताई. तुझ्यामुळे एकदा जरी गाडी दारात आली ना, त्या दिवशी तुझी बालवाडी बंद. चार लोकांत माझी शोभा नको."

ती स्वयंपाकघरात गेली. चहा उकळेपर्यंत बाहेर फॉर्म भरणं चालू होतं आणि हशाही.

दुसऱ्या दिवसापासून ताईनं स्वतःची शिकवणी घेतली. मुलांना अवघड अक्षर शिकवायची तिची एक रीत होती. आधी श्वास सोडायचा, मग ओठ सैल, आणि अक्षरावर जोर न देता त्याला नुसतं शिवून पुढे जायचं. मुलांनाही तिनं 'प पतंगाचा'च शिकवला होता, पपईचा कधीच नाही; आता न्हाणीघरात नळ मोठा सोडून ती रोज तोच शब्द घोटायची. पहिल्या आठवड्यात नुसता घाम फुटला. तिसऱ्या आठवड्यात दहात दोनदा जमलं. दीड महिन्यानं एका सकाळी शब्द ओठांवरून सहज घरंगळला. तिनं नळ बंद केला आणि शांततेत पुन्हा म्हणून पाहिला. पपई. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, पहिल्यांदा, सबंध.

पुढच्याच सोमवारी भावजयीनं ऑफिसात बसल्या बसल्या, घरात ताई आहे हे विसरून, मोबाइलवरून घराचा अलार्म चालू केला. इकडे मुलं धडा म्हणायला उभी राहिली. कोपऱ्यातल्या डोळ्यानं त्यांना टिपलं आणि सायरन किंचाळला.

ताईनं धावत जाऊन आकडे दाबले. सायरन थांबला, पण फोन खणखणलाच.

"कंट्रोल रूम. परवलीचा शब्द?" एक तरुण मुलगी विचारत होती.

ताईनं श्वास सोडला. "पपई."

पलीकडे कीबोर्ड टकटकला. "पुन्हा सांगा."

"पपई." काचेसारखा स्वच्छ.

"बरं मॅडम. तिथंच थांबा."

ताईनं फोन ठेवला. मुलांकडे वळून ती हसली. आठ मिनिटांनी दारात गाडी थांबली आणि दोन रखवालदार आत आले.

"मी श... शब्द सांगितला," ती म्हणाली.

"तोच तर घोळ आहे, बाई," थोराड रखवालदारानं मोबाइल वर केला. "मालकांनी शेरा लिहवून घेतलाय. ऐका. 'दुपारी फोनवर बाई असेल आणि शब्द न अडखळता म्हणाली, तर ती आमची नव्हे. गाडी पाठवावी.' "

ताई भिंतीला टेकली. रखवालदारानं धाकट्याला फोन लावून स्पीकर चालू केला. सगळं ऐकून धाकटा खो खो हसला. "सरळ म्हणाली? आमची ताई? अहो, मी गमतीनं बोललो आणि त्या शहाण्यानं फॉर्मात लिहिलं होय! बरं, तिला नेहमीसारखं म्हणायला लावा, ओळख पटवा आणि निघा." मग त्याचा सूर बदलला. "ताई, ऐकतेयस ना? गाडी तर आलीच. पण म्हणून दाखव, गाडी आलीच नाही असं मी समजतो. नाहीतर आजच कुलूप तुझ्या बालवाडीला."

"म... मुलं आहेत इथं."

"मग काय झालं? म्हण."

मुलं भिंतीशी दाटीनं उभी होती. ताईनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. खोटं खोटं अडखळायचं, इतकंच, असं मनाशी म्हणत तिनं ओठ मिटले. ते पुन्हा उघडेनात.

"प... प... प..." मानेची शीर ताठ झाली, डोळे घट्ट मिटले गेले. "प... प... पपई."

त्या खोलीचा नियम साधा होता: ताई एकदा म्हणणार, मग सगळ्यांनी मिळून म्हणायचं. सहाही मुलांनी हाताची घडी घातली, डोळे घट्ट मिटले, मान ताठ केली आणि एका सुरात म्हटलं, "प... प... प... प... प... पपई!"

फोनमधून हसण्याचा लोट आला. दुसऱ्या रखवालदारानं तोंड फिरवलं. थोराडानं 'ओळख पटली' वर खूण केली आणि दोघं निघून गेले.

"ताई," सगळ्यांत लहान मुलगी पुढे आली, "मी बरोबर म्हटलं?"

ताईनं हो म्हणायला तोंड उघडलं. मुलं वाट बघत राहिली. पण 'ह'सुद्धा अडला होता.