जिभेचा नवस

पिंगतुंगच्या रात्रबाजारात आ-सेंगने उभी हयात स्टेक विकला, पण घरी कधी केला नाही. गाडीवर ते काम सोपं होतं. कुटून नरम केलेलं पातळ मांस तापल्या लोखंडी ताटलीवर टाकायचं, शेजारी मूठभर नूडल, वर एक अंडं, आणि या सगळ्यावर काळ्या मिऱ्यांच्या दाट रश्श्याचा एक पळा ओतायचा. चर्र आवाज झाला की गिऱ्हाईक कागदी रुमाल छातीशी धरून मागे सरायचं, आणि वाफ ओसरली की तुटून पडायचं. रश्श्याखालचं मांस कसं आहे, याची चौकशी कधी कोणी केली नाही. आ-सेंगला मात्र वाटायचं की सगळी करामत आपल्या हाताची. त्याची बायको आ-खिम म्हणायची, "करामत मिऱ्यांची आहे. तू नुसता आवाज करतोस."

आणि ही आ-खिम गेली दहा वर्षं बीफला शिवली नव्हती.

मूळची ती बीफवर जीव टाकणारी बाई. लग्नाआधी आ-सेंगच्या गाडीवर ती इतक्यांदा यायची, की बाजारातल्या लोकांना वाटलं पोरगी याच्यावर भाळली. भाळली होती ती मांसावर. आ-सेंग त्याबरोबर फुकटात आला. पण पुढे दिवसरात्र सुपारी चघळून चघळून आ-सेंगच्या जिभेच्या कडेला गाठ झाली. डॉक्टरांनी ती कापली, मग किरणांचे शेक दिले, आणि सांगितलं की जिवाला धोका नाही, तोंडाची चव मात्र परत येईलच असं नाही. आ-खिम दवाखान्यातून तडक क्वान-यिन देवीच्या देवळात गेली आणि नवस बोलून आली. याच्या तोंडाला चव येऊ दे, मी दहा वर्षं बीफ खाणार नाही. सोडायचं तर जे सोडताना जीव जाईल तेच सोडायचं, असा तिचा हिशेब.

मग ती रोज त्याच्यापुढे सूपाचा वाडगा ठेवायची आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. "आली?" "अजून नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा वाडगा, पुन्हा तेच डोळे. आ-सेंगला गरम कळत होतं, गार कळत होतं, कडक-मऊ कळत होतं. चव म्हणून जी काही असते ती कुठे गेली होती कोण जाणे. असे कित्येक महिने गेले. शेवटी एक दिवस त्या डोळ्यांकडे बघवेना, म्हणून तो बोलून गेला, "आली! एकदम एक नंबर झालंय सूप!" आ-खिम तिथेच खाली बसली आणि एप्रनमध्ये तोंड खुपसून रडली. आता यानंतर माणूस कुठल्या तोंडाने सांगणार, की बाई, मी थाप मारली?

थाप चालून गेली. गाडीवर सगळं पळ्यांच्या मापाने व्हायचं, आणि रस्सा चाखायला मुलगी पेइ-यू होती. घरी आ-खिम जे वाढेल त्याला तो एक नंबर म्हणायचा. एवढी स्तुती करणारा नवरा साऱ्या गल्लीत कोणाला नव्हता.

दहा वर्षं भरली त्या आठवड्यात आ-खिमने फर्मान काढलं. "नवस फिटला की पहिला स्टेक तुझ्या हातचा खाणार. आपल्या घरी. चांगला जाड. आणि रस्सा नाही हं! आयुष्यभर रश्श्याआड लपलास, आता बाहेर ये जरा."

आ-सेंग हसला खरा. रस्सा नाही म्हणजे मीठ आपल्या अंदाजाचं. मीठ चुकलं की ती विचारणार, आणि एकदा विचारायला लागली की आ-खिम तळ गाठल्याशिवाय थांबत नाही. आपल्या बायकोने दहा वर्षं उपास काढला तो न मिळालेल्या गोष्टीसाठी, हे तिला नेमकं पहिल्या घासाला कळावं, याची त्याला मनापासून भीती वाटत होती.

नवस फेडायच्या दिवशी सकाळी दोघं देवळात गेली. आ-खिमने उदबत्त्या लावल्या, हातात कौलाचे दोन कोरीव लाकडी तुकडे घेतले आणि देवीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "आई, तू याची चव परत दिलीस. मी माझा शब्द पाळला. नवस फिटला ना?"

तुकडे टाकले. एक उताणा, एक पालथा पडला तर देवीचा होकार. दोन्ही उताणे पडले. म्हणजे देवी नुसती हसली, हो म्हणाली नाही.

"खूश आहे," आ-खिम म्हणाली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारून तुकडे टाकले. देवी पुन्हा हसली.

"आज फारच खुशीत दिसते," आ-खिम म्हणाली. "अरे, तुला एवढा घाम का फुटलाय?"

"उदबत्त्यांचा धूर," आ-सेंग म्हणाला. देवी कशाला हसतेय हे त्याला नीट कळत होतं. तो घाईघाईने म्हणाला, "अगं, एवढं लांबण कशाला लावतेस तिच्यापुढे? सरळ विचार, आता बीफ खाऊ का म्हणून."

आ-खिमने तसं विचारलं. लागोपाठ तीनदा होकार आला.

मांस त्याने आदल्या दिवशीच ओळखीच्या खाटकाकडून आणलं होतं, दोन बोटं जाड, कडेला पांढऱ्या चरबीची पट्टी असलेलं. घरी येताच ते फ्रिजबाहेर काढून ठेवलं आणि पेइ-यूला फोन लावला. "तू ये ना दुपारी. जरा मीठबीठ बघ."

"आईने बजावलंय, तिच्याआधी कोणी चाखायचं नाही, आणि मी तर तिकडे फिरकायचंसुद्धा नाही," पेइ-यू म्हणाली. "बाबा, पुरता बाजार जेवू घातलात तुम्ही, एका बाईला घाबरता?"

"बाजाराला घाबरलो नाही कधी. ही बाई वेगळी आहे."

"मीठ आधीच चोळून ठेवा. आणि तवा धुरावल्याशिवाय मांस टाकू नका."

तवा धुरावणं तो मुलीकडून शिकणार होता की काय! फोन ठेवून त्याने मांस कागदाने टिपून कोरडं केलं, मिठाची बरणी उघडली, तेवढ्यात बाहेरून आ-खिमची हाक आली, "म्हाताऱ्या माकडा, टेबल ओढायला ये!" तो गेला, टेबल ओढलं, टेबलाचा पाय डुगडुगत होता त्याखाली पुठ्ठा सारला, आणि परत आला तर बरणी उघडी आणि मांस पाटावर. मीठ लावलं होतं की लावायचं होतं? वरून ओलसर दिसत होतं. मिठाने पाणी सुटलं असेल, नाहीतर मांसाचं आपलंच असेल. दुसरा कोणी असता तर बोट चाटून मोकळा झाला असता. आ-सेंगनेही मांसावर बोट फिरवून चाटलं. ते गार होतं, एवढंच कळलं.

कमी असेल तर वरून घालता येतं, जास्त झालं तर काढता येत नाही, असा शहाणपणाचा विचार करून त्याने बरणीचं झाकण लावलं.

पुढचं सगळं मात्र झकास जमलं. बिडाच्या तव्यातून धूर निघू लागला तसं त्याने तेल सोडलं आणि तेल अंगावर उडू नये म्हणून मांस अलगद पलीकडे झुकवत ठेवलं. तो आवाज ऐकताच त्याला जरा धीर आला. जीभ गेली होती, कान शाबूत होते. आवाज बारीक होत आला तसं त्याने ते उलटलं. खालची बाजू खमंग तांबूस झाली होती. चिमट्याने उभं धरून चरबीची कड भाजली, मग लोणी आणि ठेचलेला लसूण टाकला आणि चमच्याने ते फेसाळलेलं लोणी मांसावर ओतत राहिला. मधे बोटाने दाबून पाहिलं. बोटाने सांगितलं तेव्हा त्याने तवा उतरवला.

आ-खिम दारात उभी राहून वास घेत होती. "वाढ की आता!"

"थांब. विसावू दे त्याला. आत्ता कापला तर सगळा रस पाटावर जाईल."

"दहा वर्षं विसावलेय मी," ती म्हणाली. "मीठ बघितलंस?"

"बघितलं."

"बरोबर?"

"अगदी बरोबर."

मग त्याने कापला. आत गुलाबी, कडेला तांबूस, आणि सुरीमागे रस. आ-खिमने पहिला तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटले. आ-सेंग तिच्या तोंडाकडे बघत बसला.

"मांस सुरेख आहे," ती डोळे न उघडता म्हणाली. "लोण्यासारखं. आणि रस तर बघ किती!" मग डोळे उघडले. "पण अळणी आहे रे."

"असं? म्हातारपण झालं. विसरलो असेन."

"घालायला विसरलास, समजू शकते. पण चाखलंस ना? चाखताना कसा विसरलास?"

आ-सेंगने मिठाची बरणी आणून टेबलावर ठेवली. आ-खिम उठली, आत गेली आणि चमचा घेऊन आली. "आ कर."

त्याने निमूट आ केला. जिभेवर काहीतरी खरखरीत आलं आणि विरघळलं. "मीठ," तो म्हणाला.

"साखर आहे," आ-खिम म्हणाली.

ती खुर्चीत बसली. चमचा टेबलावर आपटला. मग जी सुटली!

"दहा वर्षं! बीफ नूडलचं दुकान आलं की मी नाक दाबून पलीकडच्या फूटपाथवर जायची! पेइ-यूच्या लग्नात सगळे ताव मारत होते आणि मी बांबूचे कोंब चघळत बसले! आणि माझं मुळ्याचं लोणचं? एक नंबर म्हणालास म्हणून गल्लीभर वाटलं मी! आता मला बघितलं की बायका दार लावून घेतात!"

"ते मला कसं कळणार?"

"देवी हसत होती ती याला!" आ-खिमने कपाळावर हात मारला. "दोनदा हसली बिचारी, आणि मी म्हणतेय खूश आहे! का रे असं केलंस?"

आ-सेंगने मान खाली घातली. "खरं सांगितलं असतं तर तू डुकराचंही सोडलं असतंस. तरी चव आली नसती, तर मासे. तुझा काय भरवसा! माझ्यापायी तू भातावर मीठ टाकून जेवत बसली असतीस, आणि मला ते बघवलं नसतं."

आ-खिमला रागही येत होता, हसूही येत होतं, रडूही येत होतं, आणि आधी कोणाला वाट द्यावी ते समजेना. कारण तो म्हणाला ते खरं होतं. तिने सोडलं असतं. मासेसुद्धा.

तिने नाक पुसलं, बरणी ओढली आणि सगळ्या तुकड्यांवर चिमटीने मीठ भुरभुरलं. एक तुकडा उचलून त्याच्या तोंडात घातला, एक स्वतःच्या.

"काय कळतंय?"

"गरम आहे. मऊ आहे. चावलं की रस सुटतो."

"बरं. मग पुढचं ऐक," ती म्हणाली. "आधी वरचं भाजलेलं लागतं, जरासं कडवट, भाताच्या तळाला लागलेल्या खरपुडीसारखं. मग लसूण येतो, पण हळू, दमदाटी न करता. मग ते लोणी सगळीकडे पसरतं, आणि आतून मांस येतं… कसं सांगू? गोडसर. साखरेचं गोड नाही, वेगळंच."

आ-सेंग ऐकत होता आणि ऐकता ऐकता भराभर चावत होता.

"अरे, हळू चाव," आ-खिम म्हणाली. "माझं अजून सांगून व्हायचंय."