हाज मुतवल्लींचा आवाज

रुश्दीला यातून काय मिळणार होतं, ते आधी मांडतो. बहीण नगला गल्ल्यावरून कायमची उठणार, तिचा हिस्सा तो म्हणेल त्या भावात सुटणार, आणि इजिप्तमधल्या आमच्या टांटा गावातलं बापाचं मिठाईचं दुकान एकट्याच्या नावावर होणार. अट मामांसमोर ठरली होती: ईदच्या कहकची, म्हणजे साखर भुरभुरलेल्या बिस्किटांची, ताटं चांदरातीपर्यंत रिकामी झाली तर नगला जाईल. नाही झाली, तर रुश्दी पुन्हा तोंड उघडणार नाही. मी समोरचा कॉफीवाला, म्हणून साक्षीला मी.

रुश्दीने कैरोची एक कंपनी धरली. दुकानाच्या फोनवर बापाचे, म्हणजे मरून तीन वर्षं झालेल्या हाज मुतवल्लींचे, कितीतरी व्हॉइस मेसेज पडून होते. त्यांवरून कॉम्प्युटर हाजींचा आवाज शिकणार आणि एकेका गिऱ्हाइकाला नावाने हाक मारणार.

"बाबांचा आवाज विकायला काढलास?" नगलाने विचारलं.

"तुझ्या थोबाडापेक्षा जास्त खपतो तो."

"मग भट्टीपाशीही त्यालाच उभं कर. तू तर कधी राहिला नाहीस."

पहिला नमुना त्याने माझ्याच दुकानात वाजवला. मी म्हटलं, खोकलासुद्धा हुबेहूब आहे. तो म्हणाला, "खोकल्याचे वेगळे पैसे घेतलेत त्यांनी."

आवाज कोणाला पाठवायचा, तेही कॉम्प्युटरच निवडणार होता. कैरोच्या पोराने विचारलं, कुठली गिऱ्हाइकं परत आणायची? रुश्दी म्हणाला, जी दरवर्षी घेतात आणि यंदा अजून फिरकली नाहीत, ती. कुठल्याही धंद्यात हे उत्तर बरोबर ठरलं असतं. पण आमच्या गल्लीत ईदला कहक न घेणारं घर एकाच प्रकारचं असतं: ज्यात त्या वर्षी मयत झाली ते. तिथे ना कहक भाजतात, ना मागवतात. हे काय रुश्दीला माहीत नव्हतं? दुधाच्या दातांपासून माहीत होतं. पण डोकं कंपनीला भाड्याने दिलं होतं ना.

दुपारी मेसेज गेले. संध्याकाळी उम्म गिहाद काळ्या कपड्यांत दुकानात आली. तिचा नवरा याच वर्षी गेलेला. तिने फोन गल्ल्यावर ठेवला आणि वाजवला. हाज मुतवल्ली खोकले, मग गोड आवाजात म्हणाले, "उम्म गिहाद, यंदा आम्हाला विसरलीस? तुझं ताट काढून ठेवलंय. मी वाट बघतोय, ये."

"वाट बघतोय म्हणे तुझा बाप," ती रुश्दीला म्हणाली. "एकटाच आहे, की माझा माणूसही बसलाय शेजारी?"

"खाला, ते मशीन पाठवतं. मी नाही."

"पाटीवर नाव मशीनच्या बापाचं आहे का?"

"तुमची ऑर्डर आली नव्हती, म्हणून—"

"का नव्हती आली, ते मशीनला नसेल कळलं. तू तर जनाज्याला खांदा दिला होतास."

रुश्दी ताटावरची साखर बोटाने पुसत राहिला. नगला शेजारीच उभी होती. पण तिच्या तोंडावर जे होतं, त्याला दुःख म्हणता आलं नसतं.

मग बाकीची मयतीची घरं आली. त्यांच्यामागून आली ती त्यांची भावकी, आधी दिलेल्या ऑर्डरी मोडायला. त्या दुकानाचा डबा हातात घेऊन शोकातल्या शेजाऱ्यासमोरून जिना चढायची कोणाची छाती होती?

चांदरातीला ताटं तशीच भरलेली. "मामांना बोलावू?" नगलाने विचारलं.

"बोलाव. आणि मग खात बस ते, वर्षभर."

ईदनंतर नगला एकेका दारात माफी मागायला गेली. प्रत्येक घराने तिला बिनसाखरेची, मयतीची कॉफी पाजली. दोन घरांनी तीही दिली नाही.

पूर्वी दुकान उघडताना ती स्वतःच्या फोनवर बापाचा एक जुना मेसेज लावायची: "नगला, भट्टी विझवलीस का नीट?" माझ्या ओट्यापर्यंत ऐकू यायचा. आता नाव ऐकू येतं, आणि तेवढ्यात ती बंद करते.

तर हिशेब असा. कंपनीने पैसे आगाऊच घेतले होते. रुश्दी आज त्याच कंपनीत आहे, दुकानदारांना गिऱ्हाईक कसं ओळखावं ते शिकवतो. पगार बरा आहे म्हणे. गल्ला नगलाला मिळाला. बाप मात्र तिच्याच खात्यातून गेला.