म्हातारीची मान

बाबा गेले त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. मासा कुठल्या जागी लागतो हे तोंडपाठ असलेले आमच्या बेटावर माझे बाबा, येर्को, हेच शेवटचे. पाण्यावर खूण करता येत नाही. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एकीमागे एक आल्या की एक रेघ, दुसऱ्या दोन आल्या की दुसरी. रेघा मिळतात तिथं जाळं टाकायचं.

"म्हातारीची मान घंटेच्या मनोऱ्यामागं दडली, दोन भाऊ एकमेकांपासून सुटले, की टाक," असं ते सांगत.

"म्हातारीची मान म्हणजे कुठं? आणि दोन भाऊ कुठले?" मी विचारलं होतं.

"डोंगरावरच्या जागांची नावं आईनं पेरीनाला शिकवली. मला समुद्रातून दिसायची तेवढी माहीत. पेरीनाला विचार, तिच्या शेळ्या तिथं चरायच्या."

"मग चला ना दोघं होडीतून. तुम्ही बोटानं जागा दाखवा, ती नाव सांगेल."

"आधी तिनं बोलावं."

पेरीनाआत्या वरच्या वस्तीत राहते. आजी वारली त्या दिवशी बाबा सार्डिन माशांच्या थव्यामागं लांब गेले होते, मातीला पोचले नाहीत. तेव्हापासून बहीणभावांचं बोलणं बंद झालं. बाबांच्या दफनालाही आत्या आली ती फाटकापाशीच उभी राहिली.

वसंतात मी रेकॉर्डिंग घेऊन तिच्याकडं गेले. ती घेवडा सोलत होती. बाबांचा आवाज सुरू झाला आणि तिचे हात थांबले. 'पेरीनाला विचार' हे शब्द आले तेव्हा ती म्हणाली, "परत लाव."

मी परत लावलं.

"माझं नाव घेतलं त्यानं," ती म्हणाली. मग घेवड्याची पुढची शेंग उचलत म्हणाली, "लोकांपुढं माझ्याबद्दल बरं बोलायचा. वाटेत दिसला की मात्र मान फिरवायचा. मीही फिरवायचे म्हणा."

"आत्या, होडीतून येतेस? तिथून दाखव."

म्हातारपणी पहिल्यांदाच ती होडीत बसली. पदराची गाठ मारावी तसा डोक्याचा रुमाल घट्ट बांधून, दोन्ही हातांनी कड धरून. मी होडी लांब नेली, वळवली, आणि म्हटलं, "सांग."

ती किती तरी वेळ बेटाकडं बघत राहिली. जन्मभर तिनं तो डोंगर पायाखाली घातला होता. पाण्यावरून कधी पाहिला नव्हता. त्यातून पायऱ्यापायऱ्यांची शेतं पाइनच्या जंगलानं गिळलेली.

"ते माझं धुराडं," ती म्हणाली. "बाकी काही कळत नाही गं, दोमिना. तिथं नेलंस तर डोळे मिटून चालेन. इथून सगळं एकसारखं हिरवं दिसतंय."

"ती सुळक्यासारखी जागा?"

"असेल. नसेलही." तिनं रुमालानं तोंड पुसलं. "त्याला एका नजरेत कळलं असतं. एकदा, फक्त एकदा बसायला हवं होतं त्याच्या होडीत. बोलावलं नाही त्यानं. पण मी तरी कुठं खाली उतरले?"

आम्ही अंदाजानं जाळं टाकलं. शेवाळ आलं आणि थोडे खेकडे.

पुढच्या आठवड्यात तिनं मला डोंगर दाखवला. म्हातारीची मान, दोन भाऊ, प्रत्येक बांध, प्रत्येक पाणवठा ती नावानिशी सांगत गेली आणि मी रेकॉर्ड करत गेले. म्हातारीच्या मानेवर उभं राहिलं तर झाडांतून समुद्राची एक चिंचोळी पट्टी दिसते. मनोरा दिसतच नाही, म्हणून तिथूनही रेघ धरता येत नाही.

दोघांची रेकॉर्डिंग आता माझ्याकडं आहेत. नावं जुळतात. मासा लागायची जागा मात्र, होडी फिरवत फिरवत, अजून एकच सापडली आहे.